गॅस कोणीही विको, अधिभार कोण भरणार?

कॅलिफोर्नियातल्या गॅसच्या बिलावर गॅसची किंमत आणि तो घरापर्यंत आणण्याचा खर्च यांच्याबरोबर ‘पब्लिक पर्पज’ नावाचा एक अधिभार लावलेला असतो. फ्रीमाँट, सनीव्हेलमधली मराठी घरंही तो भरतात आणि बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. या पैशातून गरीब कुटुंबांना बिलात सवलत मिळते. जुन्या घरांच्या छतांना उष्णता अडवणारं अस्तर बसवणं, कमी गॅस खाणारी उपकरणं देणं अशी बचतीची कामं होतात. थोडा पैसा संशोधनाला जातो. यातलं एकही काम गॅस विकणाऱ्याच्या फायद्याचं नाही. बचत तर उघडच त्याच्या तोट्याची. त्यामुळे गॅसच्या धंद्यात स्पर्धा आली तेव्हा हा पैसा सगळ्यात आधी धोक्यात आला. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी आणि ब्रिटनने यावर जे उपाय केले, त्यांतले काही टिकले, काही फसले. भारतातही गॅसबाजार हळूहळू खुला होतो आहे, म्हणून हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

मक्तेदारीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. शहरात गॅस पुरवणारी कंपनी एक, नळ तिचे, ग्राहक तिचे. नियामक सांगेल तो सामाजिक खर्च ती दरात मिसळायची. ग्राहकाला दुसरीकडे जायला वाव नसल्यामुळे कोणाकडून किती घ्यायचं, हा फक्त नियामकाच्या न्यायबुद्धीचा भाग होता. अमेरिकेत ही घडी १९७८ पासून विस्कटत गेली. त्या वर्षीच्या कायद्याने विहिरीवरच्या गॅसचे सरकारी दर टप्प्याटप्प्याने सैल केले आणि १९८९ च्या कायद्याने उरलेलं नियंत्रणही काढलं. त्यापेक्षा मोठा फरक पाइपलाइनच्या नियमांनी पडला. संघराज्याच्या ऊर्जा नियामकाने १९८५ मध्ये आदेश क्रमांक ४३६ काढून पाइपलाइन कंपन्यांना दुसऱ्यांचा गॅस वाहून नेण्याची वाट खुली केली. १९९२ च्या आदेश क्रमांक ६३६ ने वहन आणि विक्री हे दोन धंदेच वेगळे केले. आता कारखाना टेक्सासमधल्या उत्पादकाकडून थेट गॅस घेऊ शकत होता. स्थानिक कंपनीकडे फक्त नळाचं भाडं उरलं.

कॅलिफोर्नियात त्याही पुढची गोष्ट घडली. १९९२ मध्ये वायोमिंगहून निघालेली कर्न रिव्हर पाइपलाइन थेट बेकर्सफील्डच्या तेलक्षेत्रापर्यंत आली. तिथलं जड तेल पातळ करून वर काढायला जमिनीत वाफ सोडावी लागते आणि ती वाफ करायला प्रचंड गॅस लागतो. मोठ्या ग्राहकांना आता स्थानिक कंपनीच्या नळाचीही गरज उरली नाही; आंतरराज्य पाइपलाइनवरूनच जोडणी घेता येऊ लागली. स्थानिक कंपनीला वगळलं की तिच्या दरात मिसळलेला सामाजिक खर्चही आपोआप चुकत होता. राहिलेला बोजा मागे उरलेल्यांवर, म्हणजे घरगुती ग्राहक आणि छोटी दुकानं यांच्यावर पडणार. मग त्यांच्यातले जे मोठे, तेही बाहेर पडायची वाट पाहणार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. आपल्याकडे शेतीपंपांची स्वस्त वीज बऱ्याच अंशी उद्योगांच्या चढ्या दरातून पोसली जाते. उद्योगाने ‘ओपन ॲक्सेस’ने बाहेरून वीज घेतली की महावितरणच्या हातून हा आधार निसटतो. म्हणून २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ मध्ये बाहेर जाणाऱ्याकडून क्रॉस-सबसिडी अधिभार घेण्याची तरतूद झाली. कॅलिफोर्नियाचा पेच गॅसचा होता, पण जात हीच.

१९९६ मध्ये विजेचा बाजार खुला करताना कॅलिफोर्नियाने विजेवर असा न चुकवता येणारा अधिभार लावला होता. गॅसवर तो यायला आणखी चार वर्षं गेली. २००० साली विधिमंडळाने कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पासून तो लागू झाला. त्याचा विचार साधा आहे, पण चलाख आहे. अधिभार विक्रेत्यावरही नाही आणि पाइपलाइनवरही नाही. राज्यात जाळल्या जाणाऱ्या गॅसवर, म्हणजे वापरावर आहे. गॅस स्थानिक कंपनीचा असो, खासगी दलालाचा असो, की थेट आंतरराज्य पाइपलाइनवरून उतरवलेला असो, ज्याच्या बर्नरमध्ये तो पेटतो त्याने अधिभार भरायचा. स्थानिक कंपनीच्या नळावरच्या ग्राहकांकडून कंपनी तो गोळा करते. आंतरराज्य पाइपलाइनवरच्या ग्राहकाने आपला वापर स्वतः कळवून राज्याच्या करखात्यात पैसे भरायचे. आंतरराज्य व्यापारावर राज्याला हात टाकता येत नाही, ही घटनात्मक अडचणही यामुळे टळली. या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत बरंच लिहिलं गेलं, पण यापेक्षा चांगली युक्ती कोणाला सुचलेली मला दिसत नाही.

कायदा लागू झाला तो मुहूर्त मात्र वाईट होता. ऑगस्ट २००० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळ एल पासो कंपनीच्या पाइपलाइनचा स्फोट होऊन बारा माणसं मेली आणि पश्चिमेकडचा पुरवठा आक्रसला. डिसेंबरात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सीमेवर गॅसचा भाव काही दिवस दर दशलक्ष बीटीयूला ५० डॉलरच्या वर गेला. वर्षभर आधी तो दोन-तीन डॉलर होता. गरिबांच्या सवलतीला ‘केअर’ योजना म्हणतात. ती १९८९ पासून होती आणि सवलत १५ टक्के होती. या संकटात ती २० टक्क्यांवर नेली आणि पात्रतेची उत्पन्नमर्यादाही वाढवली. आज दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतची कुटुंबं तिला पात्र आहेत आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सर्वांत मोठ्या गॅस कंपनीच्या घरगुती ग्राहकांपैकी ढोबळमानाने तीस टक्के तिचा लाभ घेतात. बाजाराने भाव भडकवले तेव्हा सवलतीचा पैसा आधीच कायद्याने बांधलेला होता, ही जमेची बाजू.

दोष सूट दिलेल्यांच्या यादीत आहे. ‘वापर’ या शब्दाच्या व्याख्येतूनच कायद्याने काही वापर वगळले. वीजनिर्मितीसाठी जाळलेला गॅस वगळला, ते समजण्यासारखं आहे. त्या विजेच्या बिलावर वेगळा अधिभार होताच, एकाच ज्वालेवर दोनदा वसुली नको. पण तेलविहिरीत वाफ सोडण्यासाठी लागणारा गॅसही वगळला. कॅलिफोर्नियात निघालेला आणि स्वतःच्या खासगी नळाने नेलेला गॅसही वगळला. म्हणजे बेकर्सफील्डच्या ज्या तेलक्षेत्रासाठी स्थानिक कंपनीला वळसा घालणारी पाइपलाइन आली, ते तेलक्षेत्रच अधिभारातून सुटलं. वळसा बंद करायला कायदा आला आणि सगळ्यात मोठा वळसेकरी त्याच कायद्याच्या व्याख्येतून बाहेर पडला. धोरणाच्या पुस्तकात याला तडजोड म्हणतात. उरलेल्या उद्योगांची तक्रार यामुळे बळावली: केअरचा खर्च प्रत्येक थर्ममागे (थर्म म्हणजे गॅस मोजायचं एकक) सारखाच लावला जातो, त्यामुळे एकही सवलतीचा ग्राहक नसलेल्या काचकारखान्याने घरगुती सवलतीचा मोठा वाटा का उचलावा? या प्रश्नाला नियामकाकडे न्यायाचं उत्तर आहे. सवलत ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे आणि गॅस जाळणारा प्रत्येक जण त्या समाजात येतो. हे उत्तर मला पटतं. पण तेलक्षेत्राला सूट देणाऱ्याच्या तोंडी ते फिकं पडतं.

दुसरा दोष पुढे दहा वर्षांनी उघड झाला. अधिभार कायद्याने आल्यामुळे तो राज्याच्या खजिन्यातल्या एका निधीत जमा होतो आणि तिथून नियामक तो परत वाटतो. २०११ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात खड्डा पडला तेव्हा विधिमंडळाने या निधीतून १५.५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम सर्वसाधारण खर्चाकडे वळवायला मुभा दिली. बचतीची चालू कामं अर्धवट राहू नयेत म्हणून नियामकाला विजेच्या बाजूचे न खर्चलेले पैसे इकडे फिरवावे लागले. गॅस ग्राहकाने घराच्या अस्तरासाठी दिलेला पैसा सरकारच्या रोजच्या खर्चात गेला. अधिभार कायद्याने बळकट होतो आणि त्याच कायद्याने तो सरकारच्या हाताशीही येतो. कॅलिफोर्नियातला विजेचा अधिभार २०१२ च्या सुरुवातीला मुदत संपून गेलाच. विधिमंडळात नूतनीकरणाला पुरेशी मतं मिळाली नाहीत. गॅसचा मात्र टिकला.

संशोधनाच्या पैशाची कथा याहून बोलकी आहे. १९७६ मध्ये शिकागोत ‘गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिचा पैसा आंतरराज्य पाइपलाइनमधून वाहणाऱ्या गॅसवर संघराज्य नियामकाच्या परवानगीने लावलेल्या छोट्या अधिभारातून यायचा. एका घराच्या बिलात तो जाणवतही नसे, पण एकूण रक्कम भरभराटीच्या काळात वर्षाला वीस कोटी डॉलरच्या आसपास गेली. पाइपलाइनमध्ये स्पर्धा सुरू झाल्यावर हा अधिभार प्रत्येकाला खुपू लागला. ग्राहक टिकवण्यासाठी भाड्यात सूट देणारी पाइपलाइन अधिभार आपल्या खिशातून भरायला तयार नव्हती. राज्यांतर्गत नळावर तर तो नव्हताच. १९९८ च्या समझोत्याने तो दरवर्षी कमी करत न्यायचं ठरलं आणि २००४ नंतर सक्तीची वसुली थांबली. संस्था त्याआधीच, २००० मध्ये, दुसऱ्या संस्थेत विलीन झाली होती. गंमत अशी की टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने १९९१ मध्ये पहिली आडवी विहीर खोदली, तिला याच संस्थेचं पाठबळ होतं. शेल गॅसच्या ज्या पुराने पुढे अमेरिकन बाजार स्वस्त केला, त्याच्या मुळाशी स्पर्धेने मारलेला हा अधिभार आहे. कॅलिफोर्नियाने राज्यापुरतं गॅस संशोधन आपल्या अधिभारातून पुन्हा उभं केलं, पण वर्षाला २.४ कोटी डॉलरच्या मर्यादेत. एका राज्याच्या तिजोरीतून देशाचं काम होत नाही.

किरकोळ ग्राहकापर्यंत स्पर्धा नेण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग जॉर्जियात झाला. तिथल्या १९९७ च्या कायद्यानंतर अटलांटा गॅस लाइट या कंपनीने विक्रीच सोडून फक्त नळ सांभाळायचं ठरवलं. चौदा लाखांच्या आसपास ग्राहक १९९९ पर्यंत खासगी विक्रेत्यांकडे गेले. पीचट्री नावाचा एक विक्रेता त्याच वर्षी दिवाळखोर झाला. २०००-०१ च्या हिवाळ्यात भाव चढले, चुकीची बिलं आली, जोडण्या मोठ्या संख्येने तुटल्या. सार्वत्रिक सेवेसाठी निधी कायद्यात पहिल्यापासून होता. पण गरीब किंवा थकबाकीदार ग्राहकाला गॅस द्यायलाच कोणी तयार नसेल तर निधीचा काय उपयोग? २००२ मध्ये दुरुस्ती करून एक ‘नियंत्रित पुरवठादार’ नेमण्याची व्यवस्था आली. अल्पउत्पन्न कुटुंबं आणि इतरांनी नाकारलेले ग्राहक यांना सेवा देणं त्याला बंधनकारक झालं. पैशाची सोय आणि पुरवठ्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जॉर्जिया ग्राहकांचे हाल करून शिकलं.

ओहायोत १९८३ पासून गरीब कुटुंब उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, आधी १० टक्के आणि २०१० मध्ये ६ टक्क्यांवर आणलेला, गॅससाठी भरतं. उरलेलं इतर ग्राहकांच्या वितरण बिलावर येतं. पेन्सिल्व्हेनियाने १९९९ च्या कायद्यात अशा योजना बंधनकारक केल्या, पण खर्च बहुतांशी घरगुती ग्राहकांवरच टाकला. उद्योग सुटले. गरिबाची सवलत त्याच्यापेक्षा जेमतेम बऱ्या शेजाऱ्याने भरायची, असा त्याचा अर्थ.

ब्रिटनची वाट वेगळी आणि वादही वेगळा. ब्रिटिश गॅसचं खासगीकरण १९८६ मध्ये झालं. रिओच्या १९९२ च्या पृथ्वी परिषदेनंतर सरकारने ऊर्जाबचतीसाठी एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट काढला आणि त्याला पैसा गॅसच्या दरातल्या ‘ई-फॅक्टर’ नावाच्या छोट्या भरीतून मिळेल असं गृहीत धरलं. गॅस नियामकाच्या पदावर नव्याने आलेल्या क्लेअर स्पॉटिसवूड यांनी ती भर वाढवायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, हा कर आहे. कर लावण्याचा अधिकार संसदेचा, नियामकाचा नाही. पर्यावरणवाद्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, पण मला त्यांची भूमिका मूलतः योग्य वाटते. निवडून न आलेल्या अधिकाऱ्याने ग्राहकाच्या खिशात हात घालावा आणि मंत्र्यांनी श्रेय घ्यावं, ही सोय सरकारला फार आवडते. सन २००० च्या कायद्याने सरकारने ती जबाबदारी अखेर स्वतःच्या अंगावर घेतली.

त्यानंतर ब्रिटनने निधी न काढता बंधन घातलं. प्रत्येक विक्रेत्याने ग्राहकसंख्येच्या प्रमाणात ठरलेली ऊर्जाबचत करून दाखवायची. ती कशी आणि किती खर्चात, हे त्याचं तो पाहील. स्पर्धेलाच कामाला जुंपण्याची ही कल्पना. सुरुवातीला स्वस्तात बरीच छतं आणि भिंती भरल्या गेल्या. पण अंमलबजावणी सोपी व्हावी म्हणून लहान विक्रेत्यांना सूट दिली. ही मर्यादा कालांतराने अडीच लाख ग्राहकांपर्यंत गेली आणि मग पुन्हा खाली आणावी लागली. तोवर बंधन नसल्यामुळे स्वस्तात विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचं पीक आलं होतं. २०२१ मध्ये गॅसचे भाव उसळले तेव्हा तीसच्या आसपास विक्रेते बुडाले आणि त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे वळवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलांवर आला. या पडझडीचं खरं कारण भांडवल न बघता वाटलेले परवाने होतं, पण सूटही त्या स्वस्ताईचा भाग होती.

बंधनाच्या पद्धतीत दर्जा कोण तपासणार, हा प्रश्न कायम टांगता राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की तेव्हा चालू असलेल्या योजनांत घरांच्या बाहेरच्या भिंतींना बसवलेल्या अस्तरांपैकी ९८ टक्के कामांत दुरुस्ती लागेल असे दोष आहेत. पुढच्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पात सरकारने विक्रेत्यांवरचं हे बंधन पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. कामाचा दाखला देणाराच कामाचा कंत्राटदार असेल तर असंच होणार.

सगळा खर्च सरकारी तिजोरीतूनच करा, हा अर्थशास्त्रज्ञांचा आवडता सल्ला. तत्त्व म्हणून त्यात दम आहे. गॅसवरचा अधिभार थर्ममागे सारखा असतो, त्यामुळे सवलतीच्या मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्या, गळक्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो श्रीमंतापेक्षा जास्त बोचतो. आयकर तसा बोचत नाही. फ्रान्सने गॅसच्या सामाजिक दराऐवजी २०१८ पासून सरकारी ‘ऊर्जा चेक’ दिला. नेदरलँड्सने गॅस आणि विजेवरचा अक्षय ऊर्जेचा वेगळा अधिभार २०२३ मध्ये ऊर्जाकरात मिसळून टाकला. पण तिजोरीला मालक असतात आणि ते बदलतात. अमेरिकेत गरिबांच्या घरतापणीसाठी १९८१ पासून चालणारी संघराज्य योजना अलीकडे वर्षाला सुमारे चार अब्ज डॉलरची होती. २०२५ मध्ये तिचे कर्मचारीच काढून टाकले गेले आणि पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ती बंद करण्याची शिफारस आली. बिलावरचा अधिभार रुक्ष असतो, पण त्याला दरवर्षी मतदानाला उभं राहावं लागत नाही.

त्याचं खरं आयुष्य गॅस किती जळतो यावर आहे, आणि तिथेच पुढचा पेच आहे. कॅलिफोर्निया घरांतून गॅस काढून वीज आणू पाहत आहे. २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने नव्या गॅसजोडण्यांना मिळणारी सवलत बंद करायचं ठरवलं. २०२३ मध्ये जिथे विजेचा पर्याय व्यवहार्य आहे तिथे गॅस उपकरणांवरचं बचत-अनुदान थांबवायला सुरुवात केली. त्याआधी, बचतीचा ग्राहकपैसा इमारतींच्या कडक नियमांविरुद्ध वकिली करायला वापरला म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गॅस कंपनीला एक कोटी डॉलरच्या आसपास दंड झाला होता. विक्रेत्याच्या हाती बचतीचा पैसा दिला की तो आपला धंदा बचावायला वापरला जाणारच. आता सधन घरं उष्णतापंप लावून गॅसपासून सुटतील आणि भाड्याच्या घरांतले गरीब नळाला बांधलेले राहतील. सवलत मागणारे वाढतील, भरणारे घटतील. १९९२ मध्ये कारखाने वळसा घालून गेले. या वेळी श्रीमंत घरं जातील, आणि त्यांच्याकडे जळणारा बर्नरच नसल्यामुळे कायद्यातली ती चलाख व्याख्या त्यांना गाठू शकणार नाही. सवलतीचा खर्च हळूहळू विजेच्या बिलावर किंवा तिजोरीवर सरकवावाच लागेल. बचतीचं काम मात्र गॅस जळतो तोवर गॅसनेच पोसावं.

भारतात ही कामं पैसे गोळा करून नाही, तर गॅसच वाटून झाली. देशी विहिरींचा स्वस्त गॅस घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला आधी द्यायचा, उद्योगांनी आयात गॅस घ्यायचा. सिलिंडरच्या बाबतीत तिजोरी आणि सरकारी तेल कंपन्यांचा खिसा वापरला गेला: उज्ज्वला ग्राहकांना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान, आणि कंपन्यांचा तोटा भरायला २०२२ मध्ये २२ हजार कोटी, २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये मंजूर. वाटपाचा मार्ग विहिरी आटल्या की संपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी गॅस कंपन्यांचा स्वस्त कोटा दोनदा कापला गेला आणि मुंबईत महानगर गॅसने सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी महाग केला. गॅसचं एक्स्चेंज २०२० पासून चालू आहे, देशाच्या मुख्य पाइपलाइनच्या बऱ्याच भागाला २०२३ पासून एकसारखं भाडं आहे, आणि शहरांतले नळ दुसऱ्या विक्रेत्यांना खुले करण्याची चर्चा नियामक आणि न्यायालयं यांच्यात वर्षानुवर्षं चालू आहे.

ते नळ खुले होतील तेव्हा तळोजा-चाकणचे कारखाने सगळ्यात आधी स्वस्त विक्रेत्याकडे जातील, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यापूर्वी चार गोष्टी कायद्यात लिहिल्या जाव्यात. अधिभार जळणाऱ्या गॅसवर असावा, विक्रेत्यावर नको. सूट फक्त दुहेरी वसुली टाळण्यापुरती असावी. पैसा सरकारी खात्याबाहेर, स्वतंत्र लेखापरीक्षणाखाली राहावा. आणि गरीब ग्राहकाला नकार देता न येणारा एक पुरवठादार प्रत्येक शहरात असावा. कॅलिफोर्नियात पहिली मोठी गिऱ्हाइकं बाहेर पडल्यापासून कायदा व्हायला आठ वर्षं लागली. तेवढा उशीर आपण करू नये.